शेषराव सरांचा बिनमिशीचा ‘आय’

परवा फोनवर अर्णवने मला त्याचा निबंध वाचून दाखवला. विषय होता शाळेची फुटबॉलची मॅच. कोणी गोल केला, कोण घसरून पडलं, पाऊस कधी आला, सगळं अगदी क्रमवार होतं. खाली त्याच्या बाईंनी लाल शाईत विचारलं होतं, ‘पण तुला काय वाटलं?’

मी म्हटलं, “मग, काय वाटलं तुला?”

तो म्हणाला, “काही नाही आजी. आम्ही जिंकलो.”

मागून ईरा ओरडली, “आणि माझ्या निबंधावर लिहिलंय, इतकं वाटून घेऊ नकोस, आधी काय घडलं ते सांग!”

फोन ठेवला आणि मला शेषराव सर आठवले. मुलगे ‘काय झालं’ तेवढंच लिहितात आणि मुली ‘काय वाटलं’ तेवढंच, हे तुमच्या बाईंना आज दिसतंय. आमच्या सरांना ते फार पूर्वी दिसलं होतं आणि त्यांनी आपल्या परीने इलाजही सुरू केला होता. तो इलाज काय होता, आणि वैद्यालाच तो आजार कसा निघाला, हे तुम्हा दोघांना सांगायचं आहे.

आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडे. तिथल्या शाळेत मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवायचे आणि शेषराव सर अकरावी-बारावीला. माझं शिक्षण हैदराबादच्या मिशनरी शाळेतलं, सरांचं गावातलंच. त्यावरून ते मला म्हणत, “बाई, तुमचं इंग्रजी इस्त्रीचं हाय. आमचं नुसतं धुतलेलं. पन सोच्छ हाय.” आणि ते खरं होतं. उच्चार काहीही असोत, शब्द कुठे बसतो ते त्यांना नेमकं कळायचं.

दिसायला उंच, काटकुळे, आणि त्या काटकुळ्या चेहऱ्यावर एवढी मोठी मिशी की वारा सुटला तर माणूस मिशीच्या दिशेने जाईल असं वाटावं. खडू ते विडीसारखा दोन बोटांत धरत. विचारात पडले की ओढायचेसुद्धा, मग ओठ पुसायचे. घरची हळदीची शेती होती, त्यामुळे सोमवारी त्यांनी तपासलेल्या वह्या परत आल्या की शेरा लाल आणि अंगठ्याचा ठसा पिवळा. मुलं म्हणायची, सरांनी वहीचं लग्न लावलं.

त्यांच्या वर्गात चार शब्दांना बंदी होती. हॅपी, सॅड, गुड आणि व्हेरी. कोणी ‘व्हेरी हॅपी’ लिहिलं की म्हणायचे, “रताळ्याच्या शिऱ्यात साखर घालून राहिला का रे? कसला आनंद झाला ते सांग. लग्नाचा येगळा, पास झाल्याचा येगळा, मास्तर आजारी पडल्याचा येगळा.” रागाचं तर त्यांनी मोजमापच ठरवलं होतं. आमच्याकडे हळद खणली की मोठ्या कढईत शिजवतात, ते प्रत्येक पोराने पाहिलेलं असतं. सर फळ्यावर कढई काढत. “खाली नुसती धग लागली, तर ॲनॉइड. बुडबुडे आले, तर अँग्री. फेस वर येऊन वास गावभर सुटला, तर फ्युरियस. आता सांग, तुझा बाप काल कोणता झालता?”

“बुडबुडे, सर.”

“मंग फ्युरियस काहून लिवलं? बापाची बदनामी करून राहिला.”

हे मोजमाप ते स्वतःलाही लावत. सकाळी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकताच जाहीर करायचे, “बाई, आज मी अँग्री न्हाई, ॲनॉइड हाय. दुपारपस्तोर उतरंल.” आम्हीही मग दुपारपर्यंत त्यांच्या वाटेला जात नसू. इंग्रजीत त्यांना काय वाटतंय ते गावातल्या कुत्र्यालाही कळत असे. मराठीत मात्र कोणी विचारलं, ‘कसं काय सर?’ की उत्तर एकच, ‘चाललंय.’

त्यांचा अकरावीचा पहिला तास मी एकदा खिडकीतून ऐकला होता. सर फळ्यावर इंग्रजीतला ‘आय’ काढून म्हणाले, “हा आय. म्हंजे मी. आयला कायम मोठ्ठं लिवायचं.”

आता आमच्याकडे आय म्हणजे आई, आणि ‘आयला’ तर काय, तुमच्या आजोबांच्याही तोंडात असतो. वर्ग खुसखुसला. मागच्या बाकावरून आवाज आला, “अन् बापाला, सर?”

सर जागचे हलले नाहीत. “बाप म्हंजे ‘ही’. तो वाक्याच्या मधात आला की ल्हानच. आय मातर कुठंबी येऊ दे, मोठीच. इंग्रजांना येवढी अक्कल व्हती.”

त्यांचा खरा इलाज असायचा शनिवारी. वर्गात एका बाजूला मुली आणि दुसऱ्या बाजूला मुलगे बसत. सरांनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली आणि मुलांनाच विचारलं, कोणता शब्द कोणाचा? क्षणात वाटणी झाली. शाय, अफ्रेड, नर्व्हस, टिअर्स हे सगळे मुलींकडे. प्राउड, ब्रेव्ह, अँग्री मुलग्यांकडे. जेलसवरून भांडण झालं, दोन्ही बाजू तो समोरच्याकडे ढकलू लागल्या. सरांनी मग जेलसला रेघेवरच बसवलं. आणि म्हणाले, “आता बाकं बदला. पोरं न्हाई, शब्द. पोरांनी पोरींच्या शब्दांत लिवायचं, पोरींनी पोरांच्या.”

पुढच्याच आठवड्यात उत्तमराव नावाचे एक पालक थेट शिक्षकांच्या खोलीत आले. टॉवेल खांद्यावर, वहाणा पायात, म्हणजे मामला गंभीर.

“सर, आमचं पोरगं घरी बसून पाठ करून राहिलं, आय आम शाय. पुतण्याला विचारलं तर म्हनला, लाजतो म्हंतंय. लाजायला घातलं का त्याला कालेजात?”

सर खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, “बसा दादा. तुमी कधी लाजलात का?”

“आमी? आमी काहून लाजू?”

“लग्नात?”

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. “तवा जरा.”

“तेवढंच त्याला इंग्रजीत लिवाया सांगितलंय.”

उत्तमरावांनी विचार केला. “मार्क भेटतेत का ह्याचे?”

“पाच.”

“पाच?” ते उठले, टॉवेल झटकला. “मंग लाजू द्या.”

सरांचा आणखी एक खेळ होता. नाव झाकून कोणाचाही इंग्रजी निबंध समोर ठेवा, मुलाचा की मुलीचा ते सांगणार, चुकलं तर चहा पाजणार. त्यांना सगळ्यात तिटकारा गाइडमधून घोकलेल्या निबंधांचा. एका मुलीने ‘माय नेम इज रमेश’ अशी सुरुवात केली होती, ती त्यांनी वर्षभर ऐकवली. पण स्वतः लिहिलेला निबंध असला की ते डोळे मिटून, खडू ओढून सांगत. ‘वी एन्जॉइड’ आलं की पोरगा. ‘माय हार्ट’ आलं की पोरगी. कित्येक महिने आम्ही त्यांचा चहा प्यायलो नाही.

मग एके दिवशी मी त्यांच्यासमोर एक निबंध ठेवला. भावाला सायकल मिळाली आणि लिहिणाऱ्याला मिळाली नाही, एवढीच गोष्ट. पण राग असा की कागद गरम लागावा. शेवटी वाक्य होतं, ‘आय वॉज फ्युरियस, आय किक्ड द बकेट.’ इंग्रजीत बादलीला लाथ मारली म्हणजे माणूस मेला. सर हसून हसून खोकले. “पोरगा हाय बाई! सायकलीपायी रागात मेला बिचारा!”

मी नाव दाखवलं. रंजना. पहिल्या बाकावरची, हजेरी देतानाही जिचा आवाज पोचायचा नाही ती. त्याच दिवशी दुसरा निबंध निघाला, ‘माय लेग्ज बिकेम वॉटर’ असं लिहिणारी म्हणून सरांनी जी मुलगी ठरवली, तो आमच्या मुलग्यांच्या कबड्डी संघाचा कप्तान निघाला. सरांनी दोन चहा पाजले, पण त्यांचं लक्ष चहात नव्हतं. त्यांनी रंजनाला बोलावलं.

“बादलीला लाथ मारली व्हय गं? खरंच?”

“व्हय सर. पाय सुजला.”

“घरी बोलली का, चिडले म्हनून?”

“न्हाई सर. मराठीत ‘चिडले’ म्हनलं की लगेच पोरगी दिसती. मंग आजी म्हनती, पोरीच्या जातीनं इतकं चिडू न्हाई. ‘आय वॉज फ्युरियस’मधी कोन चिडलं ते कुठं कळतंय? त्या ‘आय’ला ना टिकली, ना मिशी.”

ती गेल्यावर सरांनी खडू ओढला, ओठ पुसले. मग मला म्हणाले, “बाई, हे ध्यानातच आलं न्हाई. आपल्याकडं राग येतो, भेव वाटतं, चूक होती. पाव्हन्यावानी. आपुन नुसते दारात उभे. अन् जिथं स्वतः आत शिरावं लागतं, चिडलो, घाबरलो, तिथं माणूस शब्दच गिळतो.” मग स्वतःशीच हसले. “बिनमिशीचा आय! काय बोलली पोरगी!”

हे बोलणाऱ्या माणसाला वाटलंही नसेल की लवकरच ही गोष्ट त्यांच्याच घरात शिरणार आहे.

त्या वर्षी जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक मोठे साहेब पाहुणे म्हणून आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते शिक्षकांशी इंग्रजीत बोलत उभे होते. सरांच्या शेजारी त्यांची बायको, कावेरी. ही बाई शांत, ठेंगणी, हातात कायम एखादं काम. सर शाळेत असताना त्यांची सगळी हळद तीच पाहायची. बेणं निवडण्यापासून वसमतच्या बाजारात भाव ठरेपर्यंत. व्यापारी सरांना नमस्कार करत आणि बोलत कावेरीशी.

साहेबांनी सहज विचारलं, मिसेस काय करतात?

सर म्हणाले, “नथिंग, सर. हाउसवाइफ.”

साहेब पुढे गेले. सरही त्यांच्यामागे गेले. कावेरी माझ्या शेजारी उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण संसाराची सगळी वर्षं घराच्या ओसरीवर सर पोरांच्या शिकवण्या घ्यायचे आणि रोज संध्याकाळी ओरडायचे, “नथिंग! यू नो नथिंग!” भाकरी थापता थापता ऐकून तो एक शब्द तिला पक्का झाला होता.

“बाई,” ती मला म्हणाली, “नथिंग म्हंजे काईच न्हाई ना?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जेवणाच्या पंगतीत तिने वाढलंही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती हट्ट्याला माहेरी निघून गेली. शेजारणीकडे निरोप ठेवला, “सरांना सांगा, काईच न करणारी बाई चालली. काई अडायचं न्हाई.”

अडलं, अर्थातच. सर डब्यात शेंगदाणे आणि गूळ आणू लागले. सदऱ्याचं एक बटण गेलं तिथे टाचणी आली, मग टाचणी गेली तिथे काहीच आलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे हळद खणायचे दिवस तोंडावर आले होते. कामाला येणाऱ्या बायका सरांच्या घरी येऊन विचारत, “वयनी कवा येतेत?” सर म्हणत, “येईल.” बायका म्हणत, “मंग तवाच येतो आमी,” आणि उत्तमरावांच्या शेतावर जात. वर हट्ट्याहून बातमी आली की कावेरीचा भाऊ माधव तिला म्हणाला आहे, अक्का, इथंच ऱ्हा, माझी हळद तूच बघ. आणि अक्का नाही म्हणाली नाही.

ही बातमी ऐकली त्या रविवारी सर हट्ट्याला गेले. सोमवारी आम्ही सगळे त्यांची वाट पाहत बसलो होतो.

“गेलो,” सर म्हणाले. “च्या पेलो. बोललो.”

“काय बोललात?”

“म्हनलं, चूक झाली.”

“मग?”

“ती म्हनली, कुनाची झाली?” सरांनी खडू ओढला. “म्हनली, पाऊस झाला, सांज झाली, तशी झाली व्हय? आपोआप?”

कोणी हसलं नाही. पण कोणी कोणाकडे पाहिलंही नाही, कारण पाहिलं असतं तर हसू आलं असतं.

“इंग्रजीत म्हणायचं होतं,” कोणीतरी म्हणालं.

“म्हनलं की. सॉरी म्हनलं. तर माधव म्हंतो, दाजी, ते बसमधी पायावर पाय पडला की म्हंतेत.”

मधल्या सुट्टीत मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, “सर, एक शब्द आहे. चुकलो. तेवढा म्हणायचा आणि घेऊन यायचं तिला.”

“तोच तर येईना बाई.” आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. “फळ्यावर ‘आय वॉज राँग’ हजारदा लिवलं. रिग्रेट, रिमोर्स, रिपेंट, तिन्हीतला फरक पोरांना सांगतो. लिवताना काईच होत न्हाई. पन ‘चुकलो’ म्हनाया गेलो की त्या ‘लो’मधी मीच दिसतो, मिशीसकट. आमच्या बापानं हा शब्द जन्मात काढला न्हाई. आज्यानं न्हाई.”

“मग घराण्यात पहिले तुम्ही काढा.”

मी मग आठवीच्या वर्गाला जसं करायचे तसं केलं. म्हटलं, माझ्यामागून म्हणा. आता माझी जीभ जन्मभर ‘आले, गेले, चुकले’ म्हणत आलेली. मी स्पष्ट उच्चारात सांगितलं, “कावेरी, मी चुकले. म्हणा.” सर मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले. शेवटचं अक्षर मिशीनेच खाल्लं. मी म्हटलं, “छान. पुन्हा.” ते पुन्हा पुटपुटले. घंटा होईपर्यंत आम्ही तेच केलं आणि मला माझ्या शिकवण्याचं समाधानही वाटलं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर हट्ट्याला गेले. सरांनीच गळ घातली, “तुमी असल्या म्हंजे ती दार तरी उघडंल.” काळी-पिवळी जीपमध्ये सर पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि सगळा रस्ता त्यांचे ओठ हलत होते. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, “सर, मंत्र म्हनून राहिले का? म्हना म्हना, गाडीचे ब्रेक बी जरा ढिलेच हायेत.”

माधवच्या अंगणात शिजलेली हळद वाळत पसरली होती. कामाच्या बायका ती हलवत होत्या. कावेरी मधोमध बसून हळदीची मोडकी बोटं वेगळी काढत होती. तिने मला पाहिलं, “या बाई,” म्हणाली, माझ्यासाठी पाणी मागवलं. सरांकडे पाहिलं नाही. तिची म्हातारी आई दारात बसली होती. माधव हात धूत उभा राहिला.

सर अंगणाच्या कडेला थांबले. पुढे हळद होती आणि तिच्यावर पाय देता येईना. त्यांनी टोपी काढली, घातली. घसा साफ केला.

“कावेरी,” सर म्हणाले, “मी चुकले.”

बायकांचे हात थांबले. दारातून म्हातारीने विचारलं, “कोन चुकली म्हंतोय?” माधवने तोंड भिंतीकडे केलं, पण त्याचे खांदे हलत होते. आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या शाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी गाइड पाठ करून आलाय, नावासकट.

कावेरीने पहिल्यांदा मान वर केली. “तुमी कवाधरून बाई झाल्या?”

सरांचा चेहरा हळदीसारखा झाला, मग कुंकवासारखा. आता या माणसाने आयुष्यात व्याकरणाची चूक तशीच जाऊ दिली नव्हती, दुसऱ्याची नाही आणि स्वतःची तर नाहीच. लग्नपत्रिकासुद्धा ते लाल पेनाने तपासून परत पाठवत. त्यांचा हात आपोआप वर गेला, बोटांत खडू असल्यासारखा, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ते कडाडले, “चुकले न्हाई! चुकलो! पुल्लिंगी हाय! मी चुकलो!”

आवाज अंगणभर घुमला. झाडावरचे कावळे उडाले. आणि मग सरांना कळलं, आपण काय बोललो ते. हात तसाच वर राहिला.

सरांनी हळूच हात खाली घेतला आणि आता अगदी बारीक आवाजात म्हणाले, “चुकलो, कावेरी. नथिंग म्हनायचं नव्हतं. तोंडातून… न्हाई, तोंडातून न्हाई. मीच म्हनलो.”

कावेरी त्यांच्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांत मी तिला एवढा वेळ एका जागी, हातात काही नसताना बसलेली पाहिली नव्हती.

“आता बराबर,” ती म्हणाली.

माधवने भिंतीकडून तोंड वळवलं. धीर आला होता त्याला. “अक्का, आता कोनी तुला विचारलं, तुजे मिस्टर काय करतेत, तर काय सांगशील?”

कावेरीने एक मोडकं बोट उचललं, टोपलीत टाकलं. “नथिंग,” ती म्हणाली.

बायका तर हळदीतच बसल्या हसायला. म्हातारीला काही कळलं नव्हतं, पण ती सगळ्यात जास्त हसली. सर मात्र गंभीरपणे मला म्हणाले, “बाई, उच्चार बराबर हाय बरं का तिचा. ‘थ’ बघा.”

ती त्या दिवशी आमच्याबरोबर आली नाही. म्हणाली, इथली हळद पसरलीय, ती आवरल्याबिगर उठत न्हाई. सर परत येताना जीपमध्ये मागे बसले आणि झोपले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डब्यात भाकरी आणि झुणका दिसला, सदऱ्याला बटण आलं, आणि कामाच्या बायका उत्तमरावांचं शेत अर्धवट टाकून सरांच्या शेतात शिरल्या. त्यावरून उत्तमराव शाळेत आले होते. या वेळी त्यांचा राग ‘बुडबुडे’ नव्हे, चांगला फेसापर्यंत गेला होता.

शनिवारचा तास पुढेही चालू राहिला, फक्त सरांनी त्यात एक भर घातली. मुलांनी इंग्रजीत लिहिलेलं एक वाक्य, फक्त एक, मराठीत मोठ्याने म्हणायचं. ‘आय वॉज अफ्रेड’ लिहिलंस ना, मग उभा राहा आणि म्हण, घाबरलो. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधतात, तुमचे बाबा तसेच शिकले. सर म्हणायचे, “इंग्रजी ‘आय’ म्हंजे पाठीचा डबा. बांधा की! पन एक दिवस सोडावा बी लागतो, न्हाई तर जन्मभर डब्यासंगं पोहत बसचाल.” मुलं उभी राहत, लाल होत, खाली पाहत. काही जण म्हणत, काही जण नुसतेच खोकून बसत. खोकणाऱ्यालाही सर अर्धा मार्क द्यायचे.

एक सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की सर त्या दिवसापासून बदलले. तसं काही झालं नाही. मला तरी त्यांच्या तोंडून ‘चुकलो’ पुन्हा ऐकल्याचं आठवत नाही. चुकायचे ते पूर्वीइतकेच. पण कावेरीचं म्हणणं, एकदा म्हनलेत, लई झालं, एका जन्मात किती मागावं?

तुमच्या आजोबांचे गुडघे धरले आणि आम्ही गाव सोडून नांदेडला यायचं ठरवलं, तेव्हा मी दोघांचा निरोप घ्यायला त्यांच्या शेतावर गेले. सर निवृत्त झाले होते. हळदीचेच दिवस होते, चुलवणावर कढई चढलेली. कावेरी मला पाहताच उठली, गळ्यात पडली आणि मनसोक्त रडली. मीही रडले. सर कढईजवळ स्टुलावर बसून होते. त्यांनी विचारलं, नांदेडला पाणी कसं आहे? मी म्हटलं, चांगलं आहे. त्यांनी विचारलं, जिना किती चढावा लागतो? मी सांगितलं. त्यांनी विचारलं, बस कितीची? तेही सांगितलं. मग विचारायचं काही उरलं नाही आणि मी पाहिलं तर त्यांचे डोळे लाल झाले होते आणि मिशी ओली होती.

“धूर लई हाय आज,” सर म्हणाले.

कावेरी पदराने नाक पुसत, मागे न वळताच म्हणाली, “धूर तिकडं बांधाकडं चाललाय.”

सरांनी बांधाकडे पाहिलं. खरंच, सगळा धूर तिकडे चालला होता. मग ते उठले, स्टूल उचललं, कढईला वळसा घालून पलीकडे गेले आणि धूर जिकडे चालला होता बरोबर तिथे स्टूल ठेवून बसले.

मी रस्त्याला लागल्यावर मागे वळून पाहिलं. धुरात नुसता पांढरा सदरा दिसत होता, आणि कावेरीचा आवाज येत होता, “बास झालं आता. इकडं या, खोकून मरचाल.”